डाव मोडणारांची कैफियत

अनारसा तुपात सोडल्याबरोबर विरघळून पसरू लागला, की आमच्याकडे 'अनारसा हसला' असे म्हणतात. हसतो अनारसा, आणि डोळे भरून येतात करणारीचे. तीन दिवस तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, फडक्यावर पसरून सुकवायचे, थोडे दमट आहेत तोवर कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचे. आणि एवढा खटाटोप केल्यावर पहिल्याच अनारशाने कढईत असे फिदीफिदी हसावे! पण वाचकहो, त्यानंतर तुमची आई, बहीण किंवा पत्नी काय करते ते कधी नीट पाहिले आहे काय? ती कढई खाली उतरवते. उरलेल्या पिठात मूठभर तांदळाची पिठी मिसळते, पुन्हा मळते आणि पुन्हा एकच अनारसा सोडून बघते. 'आठ दिवस राबून पीठ केले आहे, आता माघार नाही!' अशी गर्जना करून सगळ्या गोळ्या तुपात लोटणारी गृहिणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

हेच शहाणपण स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून ओसरीवर आले, की त्याचे नाव बदलते. तिथे त्याला धरसोड म्हणतात, कच्चेपणा म्हणतात, शब्द फिरवणे म्हणतात. आणि अंगावर आलेली चूक शेवटपर्यंत रेटून नेणाऱ्या माणसाला 'करारी' म्हणतात.

मी मॅट्रिक झालेला माणूस आहे. पुढे चित्रकलेची परीक्षा दिली आणि शाळेत मास्तर झालो. सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. तेव्हा मोठ्या विद्वत्तेचा आव आणण्याचे मला कारण नाही. परंतु गेली वीस वर्षे मी शाळेच्या बक्षीससमारंभाला व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवर बसत आलो आहे आणि वीस वर्षे एकच भाषण ऐकत आलो आहे. पाहुणे बदलतात, भाषण बदलत नाही. 'मुलांनो, एकदा टाकलेले पाऊल मागे घेऊ नका!' टाळ्या पडतात. मीही वाजवतो. पुढे बसलेल्या तीनशे मुलांपैकी एकाने तरी उठून विचारावे, 'गुरुजी, आणि पुढे विहीर असली तर?' कोणी विचारत नाही. आम्हीच त्यांना न विचारायला शिकवले आहे. आणि सांगायला लाज वाटते, माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांतले नायकही असेच मागे न वळणारे आहेत. अर्ध्या वाटेवरून शहाणा होऊन घरी परतलेला नायक प्रकाशकाला चालत नाही.

तेव्हा ही कैफियत मी माझ्याविरुद्धही मांडतो आहे.

दिवाळीचा पाडवा जवळ आला आहे. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. शंकर-पार्वती या दिवशी सारीपाट खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा सांगतात. त्या दिवशी सकाळी फासे टाकावेत आणि जो जिंकेल त्याला वर्ष चांगले जाईल, अशी जुनी समजूत. आपल्या पूर्वजांना जुगाराचे वावडे नव्हते. त्याचे भय मात्र होते. आणि त्या भयाची जेवढी बारीक चिकित्सा त्यांनी करून ठेवली आहे, तेवढी आपण वाचलेलीच नाही.

महाभारतातले द्यूत सर्वांना ठाऊक असते. धर्मराज धन हरला, राज्य हरला, मग एकेक करून चौघे भाऊ, मग स्वतःला, आणि शेवटी द्रौपदीला. कीर्तनकार इथे थांबतात, कारण पुढे वस्त्रहरणाचा प्रसंग रंगवायचा असतो. पण माझ्या मते सभापर्वातली खरी भयंकर गोष्ट त्याच्याही पुढे आहे. द्रौपदीने धृतराष्ट्राकडे दोन वर मागून पाचही पतींना दास्यातून सोडवले. तिसरा वर घ्यायला तिने नकार दिला. धृतराष्ट्राने हरलेले सगळे परत दिले. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. कथा संपली होती! आणि वाटेत निरोप आला: पुन्हा एकदा खेळायला या. धर्मराज मागे फिरला. एकच डाव, पण बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. या दुसऱ्या द्यूताला अनुद्यूत म्हणतात आणि त्याला निमित्त सांगायला काहीच उरलेले नाही. शकुनीचा हात त्याने पाहिलेला होता. बायकोची विटंबना डोळ्यांदेखत झालेली होती. मग तो का गेला? वडीलधाऱ्यांचे बोलावणे मोडायचे नाही म्हणून. पहिल्या वेळी शकुनीला त्याने सांगितलेच होते की आव्हान आले असता मागे फिरायचे नाही हे आपले व्रत आहे. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल बक्षीससमारंभात टाळ्या पडतात, तीच!

आता त्याच्या शेजारी नलाला उभा करा. वनात धर्मराजाला बृहदश्व ऋषी नलाची कथा सांगतात, ती काही केवळ वेळ घालवायला नव्हे. नलही पुष्कराकडून सारे राज्य हरला. दमयंती आपल्या विदर्भाची लेक. नवरा ऐकत नाही असे पाहून तिने मुलांना सारथ्याबरोबर माहेरी कुंडिनपुराला पाठवून दिले. (घर बुडताना आधी मुलांची सोय लावणारी बाई! तिच्या या एका निर्णयावर एक कादंबरी होईल.) मग पुष्कर हसून म्हणाला, आता दमयंतीला पणाला लाव. आणि नल उठला. उत्तर दिले नाही, अंगावरचे दागिने उतरवले आणि एका वस्त्रानिशी चालू लागला. धर्मराज आणि नल या दोघांत फरक एवढाच, की एकाला डाव मोडता आला आणि दुसऱ्याला आला नाही.

नल साधू नव्हता. पुढे तो राज्य परत जिंकायला बसला तेव्हा त्यानेही दमयंतीचे नाव पणात घेतलेच. ते मला आवडत नाही आणि मी ते लपवीतही नाही. पण मध्यंतरी तो एक गोष्ट शिकला होता. अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे येत असताना, राजाने वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडावर पाने किती, फळे किती, ते चालत्या रथातून सांगितले. नलाने हट्टाने रथ थांबवला, उतरून मोजले, तो आकडा बरोबर! तेव्हा त्याने आपली अश्वविद्या देऊन राजाकडून अक्षविद्या घेतली. जुन्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत, हे ध्यानात घ्या. म्हणजे फाशांवर विजय मिळवायचा तो मनगटाने नव्हे, मोजणीने. थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधून. कलि त्या क्षणी नलाच्या अंगातून बाहेर पडला, असे महाभारत सांगते. रथ थांबवून मोजल्यावर पडला. लगाम घट्ट धरून रथ पुढे दामटल्याने नव्हे.

परदेशी पंडितांनी हे अलीकडे प्रयोगांनी दाखवले. डॅनियल काहनेमन आणि आमॉस ट्वर्स्की या इस्रायली मानसशास्त्रज्ञांचा १९७९ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना विचारले: रोख ३००० घ्याल, की शंभरात ऐंशी संधी असलेले ४००० घ्याल? शंभरातल्या ऐंशी जणांनी रोख ३००० मागितले. मग तोच प्रश्न उलटा केला. ३००० चे नुकसान नक्की सोसाल, की शंभरात ऐंशी वेळा ४००० चे नुकसान होईल आणि वीस वेळा काहीच होणार नाही, असा डाव खेळाल? आता शंभरातल्या ब्याण्णव जणांनी डाव निवडला! वस्तुतः हिशेबाने त्या डावाचे सरासरी नुकसान ३२०० होते, म्हणजे रोख नुकसानीहून जास्तच. मिळकत दिसत असता जो माणूस दोरीने बांधल्यासारखा जपून वागतो, तोच तोट्याची चाहूल लागली की जुगारी होतो. २००२ साली काहनेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले; ट्वर्स्की १९९६ सालीच वारले होते. अमेरिकेत आर्केस आणि ब्लूमर या दोघांनी १९८५ साली नाटकाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग केला. काहींना पूर्ण दामाने, काहींना सवलतीने तिकिटे विकली. नाटके तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण दाम मोजणारे अधिक वेळा हजर राहिले. गेलेले पैसे गेलेलेच असतात, तरी ते माणसाची गचांडी धरून त्याला नाट्यगृहात नेऊन बसवतात. पुण्यात अभ्यासिकांतून वर्षानुवर्षे स्पर्धापरीक्षांना बसणारी आमची मुलेही हेच सांगतात: 'सर, सहा वर्षं घातली, आता सोडून कसं चालेल?' बाळ, सहा वर्षे गेली. प्रश्न सातव्या वर्षाचा आहे.

पण हे सांगताच काही शहरी मंडळी खूष होतात आणि म्हणतात, 'पाहा, सामान्य माणसाला अक्कल नसतेच. शेतकऱ्याचे बघा ना, दुबार पेरणी, तिबार पेरणी, निव्वळ जुगार!' इथे मात्र माझा संताप होतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. फासे सोड आणि शेती कर, असा त्यात उपदेश आहे. तो करणाऱ्या ऋषीला आमच्या लातूरकडचा जून महिना दाखवायला हवा होता. माझा थोरला भाऊ तिकडे कोरडवाहू शेती करतो. त्याला जुगारी म्हणणाऱ्याने आधी त्याच्या ओसरीवर येऊन एक गोष्ट बघावी. मे महिन्यात दादा घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून सरमिसळ करून शंभर दाणे मोजून काढतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळतो, आठवडाभर पाणी शिंपडून ओले ठेवतो आणि मग उलगडून मोड मोजतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तर बी पेरायला योग्य. कमी उगवले, तर एकरी बियाणे वाढवायचे, फारच कमी असले तर ते पोते बाजूला. बेहड्याच्या झाडाखाली ऋतुपर्ण याहून निराळे काय करीत होता?

कृषिखाते सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला चांगला आहे. दादाही तो मानतो. पण मृग निघून आर्द्रा लागतात, एक दिवस वापसा चांगला येतो, पाऊस मात्र ६० वरच अडलेला असतो. थांबावे तर पेरणीचा काळ सरतो, आणि उशिरा पेरलेले सोयाबीन उतारा कमी देते. पेरावे तर पावसाने ओढ दिली की कोंब मातीतच करपतो. थांबणे हाही फासाच आहे, हे खुर्चीत बसून सल्ला देणाऱ्याच्या लक्षात येत नाही; कारण त्याचा पगार दोन्ही प्रकारे एक तारखेला होतो. पीक आले की 'हुशार शेतकरी', गेले की 'उतावळा'. निर्णय तोच, दिवस तोच, ओल तीच. निकालावरून पेपर तपासणारा परीक्षक आम्ही शाळेत ठेवणार नाही. पण शेतकऱ्याला सारे जग असेच तपासते.

एका साली दादाची पहिली पेरणी मोडली. दुसरी केली, तीही अर्धी गेली. जुलैचा मध्य उलटून गेला होता. भावकी म्हणू लागली, आणखी एकदा पेर, इतका खर्च केलास तो वाया घालवतोस काय? दुकानदार बियाणे उधार द्यायला तयार होता. उधार द्यायला तो नेहमीच तयार असतो. दादा दोन दिवस बांधावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने मोडलेल्या सोयाबीनवर कुळव फिरवला आणि तूर पेरली, थोडी बाजरी केली. गावात बोलबाला झाला की दादा खचला. मला फोनवर म्हणाला, 'खचलो नाही रे. सोयाबीनचा हंगाम गेला, माझा नाही गेला.' त्या सालापासून तो सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घालतो. एकाच फाशावर सगळे ठेवीत नाही. हे त्याला कोणत्याही निबंधाने शिकवले नाही.

गंमत अशी, की फिरवाफिरव करण्याची सोय थोरामोठ्यांना राजरोस असते. आमच्या शाळेत जे आदेश येतात त्यांच्या पाठोपाठ शुद्धिपत्रक येते आणि कधी कधी शुद्धिपत्रकाचेही शुद्धिपत्रक येते. त्याला कोणी धरसोड म्हणत नाही, धोरण म्हणतात. कंपनीने तोट्याचा कारखाना बंद केला की ती दूरदृष्टी. सुनेने मात्र शिकता शिकता अभ्यासक्रम बदलला की तिचे मन थाऱ्यावर नाही!

आणि ज्यांच्या तसबिरीला हार घालून ही भाषणे होतात, त्या शिवाजी महाराजांनी काय केले? पुरंदरावर मुरारबाजी पडला. अशा वेळी 'मुरारबाजीचे रक्त सांडले आहे, आता गड कसा द्यायचा?' असे म्हणणे किती सोपे होते! महाराजांनी जून १६६५ मध्ये मिर्झाराजांशी तह केला. तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले. दिलेल्यांत पुरंदरही होता. पुढल्या साली ते आग्र्याहून निसटले आणि १६७० मध्ये कोंढाण्यापासून सुरुवात करून ते किल्ले परत घेऊ लागले. तहाच्या दिवशी आमचे पाहुणे तिथे असते, तर त्यांनी महाराजांनाही पाऊल मागे न घेण्याबद्दल चार शब्द सुनावले असते.

कोणी म्हणेल, मास्तर, असे असेल तर जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली काढलेली मुलींची शाळा शेणगोळ्यांच्या पहिल्या माऱ्यातच बंद करायला हवी होती. हा आक्षेप खरा वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. पण अंगावर शेण येणे हा आपला विचार चुकल्याचा पुरावा नव्हे. बी न उगवणे हा बी किंवा वेळ चुकल्याचा पुरावा आहे. लोक हसतात म्हणून मागे फिरणे आणि वाट चुकली म्हणून मागे फिरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि मौज पाहा, आपण नेमके उलट वागतो. लोक हसतील म्हणून चांगले काम सोडतो आणि लोक हसतील म्हणूनच वाईट काम पुरे करतो.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितो आहे, ते आता सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. हात चांगला होता तिचा. रेषेत जीव असे. साखरपुडा झाला होता, लग्न बारा दिवसांवर आले होते. मुलाला देणे आहे, आणि ते त्याच्या घरच्यांनी लपवले आहे, असे तिला कळले होते. त्याच्याशी बोलताना तो तिच्या अंगावर धावूनही आला होता. तिचे वडील म्हणत होते, कार्यालयाला आगाऊ रक्कम दिली, पत्रिका वाटून झाल्या. तिने मला विचारले, 'सर, मी काय करू?' तिला वाटले असावे, सर कादंबऱ्या लिहितात, त्यांना माणसे कळत असतील. मी काय म्हणालो? मी म्हणालो, 'आता पत्रिका वाटल्यावर मागे कसं फिरायचं? होईल सगळं ठीक.' ती 'बरं' म्हणाली आणि माझ्या पत्नीला वाकून नमस्कार करून गेली. शब्द पाळावा हे मला मान्य आहे; पण ज्या शब्दाच्या बुडाशी लपवाछपवी होती, तो पाळण्याचे ओझे त्या एकट्या पोरीवर मी का टाकले? छापलेल्या दोनशे कागदांची किंमत मी तिच्या जन्माहून जास्त धरली. तीन वर्षांनी ती लहान मूल घेऊन माहेरी परत आली. शिवणकाम करते. रस्त्यात भेटली तर अजूनही 'सर' म्हणते, आणि मी पिशवीतले काहीतरी शोधू लागतो.

या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या बहिणीचे ठरले. पत्रिका छापून आल्या आणि दोन दिवसांनी मुलाकडच्यांनी मोटारसायकलीची गोष्ट काढली. मग फ्लॅटची काढली. मुलीने नको म्हटले. वडील पुन्हा पत्रिकांचा गठ्ठा पुढे ठेवून बसले. या वेळी मला कोणी बोलावले नव्हते, मीच गेलो. फार बोलता आले नाही. एवढेच म्हणालो, 'काका, गेल्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं. हे मोडा.' थोरली दारात उभी होती. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, 'आणि या एवढ्या छापल्यात, त्यांचं काय करू?'

मी म्हणालो, मला द्या. कागद जाड होता आणि आतली बाजू कोरी. आमच्या सातवीच्या मुलांनी परवा त्यांवर आकाशकंदील रंगवले.